रसिकनिवास

लॉजच्या रजिस्टरमध्ये एक रकाना असतो, 'येण्याचे कारण'. नाव, वय, पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार, सोबत किती माणसं हे सगळं भरून झालं की हा रकाना येतो. तिथं लोक काय लिहितात ते एकदा मागची चार पानं चाळून बघा. दवाखाना. कोर्ट. परीक्षा. लग्न. मंत्रालय. काहीच सुचलं नाही तर 'खाजगी काम'. 'नाटक बघायला' किंवा 'गाणं ऐकायला' किंवा नुसतंच 'फिरायला, रात्रीचं शहर बघायला' असं लिहिलेलं मला आजवर दिसलेलं नाही. असं लिहिणारे येत नाहीत असं नाही. ते येतात आणि 'खाजगी काम' लिहितात.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातल्या साखरा या गावचा. शिकलो इंजिनिअरिंग, काम करतो सॉफ्टवेअरचं. अर्धा महिना पुण्यात, अर्धा महिना गावी वायफायच्या भरवशावर. त्यामुळे दोन्हीकडचे प्रश्न माझ्याकडे येतात. गावातल्या माझ्या वयाच्या पोरांचा एक प्रश्न गेली काही वर्षं ठरलेला आहे : शनिवारी पुण्याला यायचंय, एखादं नाटक किंवा पिक्चर बघायचा, रात्री जरा हिंडायचं, रविवारी परत. मधल्या रात्री झोपायचं कुठं? या प्रश्नाचं परवडणारं, शहराच्या मधोमध असलेलं आणि ताठ मानेनं घेता येईल असं उत्तर महाराष्ट्रातल्या एकाही मोठ्या शहराकडे नाही. हे महागाईमुळे झालंय असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. गावाकडचा माणूस शहरात निव्वळ मौजेसाठी रात्र काढेल, ही कल्पनाच या शहरांनी कधी केलेली नाही.

कामासाठी, आजारासाठी आणि देवासाठी येणाऱ्यांची कल्पना मात्र केलेली आहे, आणि चांगली केलेली आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात; त्यात आमच्या जिल्ह्यातलेही असतात. आमदाराचं पत्र असेल तर मुंबईत आमदार निवासाच्या खोलीत जमिनीवर पथारी टाकता येते. परीक्षेला आलेल्यांसाठी अभ्यासिका आणि कॉट बेसिस आहे. शेगावला गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवास आहे, आणि ज्यांना 'स्वस्त म्हणजे घाणच असणार' असं वाटतं त्यांनी तिथल्या चादरी आणि संडास बघून यावेत. नांदेडला शिकत असताना पाहिलेली गुरुद्वाऱ्याची यात्री निवासं आठवतात : नाममात्र पैशात खोली, शेजारी लंगर. म्हणजे हजारो अनोळखी माणसांना रोज स्वस्तात, स्वच्छ, सन्मानानं झोपवायचं कसं हे या मुलखाला चांगलं ठाऊक आहे. भक्ताला निवास आहे, आमदाराला आहे, रुग्णाला आहे. रसिकाला नाही.

हा शब्द मुद्दाम वापरतोय. पुण्या-मुंबईत 'रसिक' म्हटलं की मायबाप लागतं त्याच्यामागे. नाटकाच्या पडद्याआधी त्याला नमस्कार असतो, दिवाळी अंकाच्या संपादकीयात त्याला शुभेच्छा असतात. पण हा मायबाप रात्री बारा वाजता नाट्यगृहाबाहेर पडल्यावर चालत घरी जाऊ शकणारा असावा, हे गृहीत आहे.

गावाकडेही हा प्रश्न काही फार प्रेमानं घेतला जात नाही. पुण्याला निघालो म्हटलं की पारावरचा पहिला प्रश्न 'काहून?' काम सांगा, कोणी आडवत नाही. 'नाटक बघायला' म्हणून सांगा, मग बघा. 'त्याच्यासाठी एवढ्या लांब? मोबाइलवर नाही दिसत का?' एका काकांनी मला सरळ सांगितलं होतं, 'बाबू, चैन करायची तं गावात कर, शहरात पैशे लागतात.' काकांचं अर्थशास्त्र बरोबर होतं. पण गावातही चैन होती आणि तीही रात्रीचीच होती, हे ते विसरले.

आमच्याकडे रात्र बाहेर काढणं ही काही परदेशातून आलेली गोष्ट नाही. हरिनाम सप्ताह असला की आजूबाजूच्या दहा गावांतून माणसं कीर्तनाला येतात. काल्याच्या आदल्या रात्री जागर असतो. ज्याला झोप आली तो मंदिराच्या सभामंडपात, शाळेच्या व्हरांड्यात, कुणाच्याही ओट्यावर आडवा होतो. जागरण-गोंधळ रात्रभर चालतो. उरुसाला कव्वाली पहाटेपर्यंत. हिंगोलीला रामलीला मैदानावर दसऱ्याचं प्रदर्शन भरतं तेव्हा खेड्यांतून माणसं जातात ती पाळण्यात बसायला, जिलबी खायला, गर्दी बघायला. त्यांना कुणी कारण विचारत नाही. सप्ताहाला आलेल्या पाहुण्याकडे आधार कार्ड मागणारा पंच मी अजून पाहिला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. कार्यक्रम रात्रभराचा असला की निवाऱ्याचा प्रश्नच उरत नाही, कार्यक्रम हाच निवारा होतो. पुण्यातही एकेकाळी हे होतं. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव रात्र रात्र चालायचा. लोक शाली, स्वेटर, थर्मास घेऊन भारतीय बैठकीत बसायचे, मध्येच लवंडायचे, पहाटेच्या भैरवीनंतर स्टँडवर जाऊन पहिली एसटी धरायचे. मराठवाड्यातून, विदर्भातून, बेळगाव-धारवाडकडून आलेल्या माणसाला खोली लागायचीच नाही. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, राज्य सरकारला वर्षातले १५ दिवस फार तर बारापर्यंत सूट देता येते, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. नियम चांगला आहे. आजारी माणसाच्या उशाशी डीजे नको, हे मलाही मान्य आहे, आमच्या गावच्या वराती मी सोसल्यात. पण त्या नियमाने कुणाची काय सोय गेली याचा हिशोब कुणी केला नाही. आता गाणं दहा किंवा बाराला संपतं. पुण्यातला श्रोता रिक्षा करून घरी जातो. बाहेरगावचा रस्त्यावर उभा राहतो आणि मोबाइलवर 'निअर मी' शोधतो.

इथं कुणी तरी म्हणेल की शोधलं की मिळतं, ॲपवर सातशे-आठशेला खोल्या आहेत. आहेत. पण कुठं आहेत ते बघा. कात्रजच्या पुढे, वाघोलीला, हिंजवडीच्या अलीकडे एखाद्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथं नकाशावरची खूण आणि प्रत्यक्ष दरवाजा यांच्यात एक नाला असतो. मेट्रो रात्री अकराला बंद. बालगंधर्वचा शेवटचा प्रयोग साडेनऊचा असतो, तो सुटता सुटता बारा-सव्वाबारा. पुढे रिक्षावाला जे म्हणेल ते. खोलीत वाचवलेले पाचशे रुपये असे रस्त्यावर जातात, आणि ज्यासाठी आलो ती रात्र, म्हणजे नाटकानंतर पुलावर उभं राहून त्याच्यावर भांडणं, कुठं तरी बन-मस्का आणि चहा, लक्ष्मी रोडचं शटर पाडलेलं रूप, ती सगळी रिक्षाच्या मागच्या सीटवर संपते. शहराच्या मध्यभागी राहायला मिळणं हा चोचला नाही. बिनकामाच्या माणसाला शहर पायीच बघायचं असतं, आणि पायी बघता येईल असं शहर मध्यभागीच उरलंय.

मग आमची पोरं काय करतात? ट्रॅव्हल्सलाच लॉज करतात. शुक्रवारी रात्री हिंगोलीहून स्लीपर धरायची, शनिवारी सकाळी पुण्यात उतरायचं, सुलभमध्ये अंघोळ, दिवसभर उन्हात फिरणं, साडेपाचचा प्रयोग, आणि रात्री पुन्हा स्लीपर. दोन रात्री गाडीत, मधला दिवस पेंगत. साडेनऊचा प्रयोग यांच्या नशिबात नसतोच, कारण तो संपतो तेव्हा हिंगोलीकडे जाणारी शेवटची गाडीही नगर रोडला लागलेली असते. ज्या प्रेक्षकाच्या नावानं 'नाटक महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचलं पाहिजे' अशी भाषणं होतात, तो प्रेक्षक स्वतःच्या पायांनी नाटकापर्यंत येतो आणि आपण त्याला अर्ध्यातून उठवतो.

दराबद्दल बोलायला मी बऱ्यापैकी लायक आहे, कारण हे गणित मांडणं माझ्या धंद्यातलं आहे. तुम्ही शनिवारची खोली शोधता तेव्हा तुमच्यासमोर येणारा आकडा कुणा मॅनेजरनं ठरवलेला नसतो. किती खोल्या भरल्या, आज कोणता वार, मुक्कामाला किती दिवस उरले, गावात कोणता कार्यक्रम आहे, शेजारचा काय दर लावतोय, या गोष्टी एका सूत्रात घातल्या जातात आणि आकडा दर काही वेळानं बदलतो. त्या सूत्रात खोलीची गादी, पाणी, पंखा यांचा फारसा संबंध नसतो. मंगळवारी बाराशेला असलेली डेक्कनवरची तीच खोली, तोच गळका नळ, शनिवारी अडीच हजारांच्या पुढे जातो. आता बघा, नोकरी करणाऱ्याला, शिकणाऱ्याला, शेतात राबणाऱ्याला सवड कधी मिळते? शनिवारी. श्रीमंत माणूस मंगळवारीही फिरू शकतो, त्याला खोली स्वस्त. ज्याला एकच दिवस मोकळा आहे त्याच्या त्या एकाच दिवसावर हे यंत्र दर चढवतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेच्या तिकिटांची विक्री झाली, कार्यक्रम होता जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत, आणि त्याच आठवड्यात तिथल्या हॉटेलांचे तीन रात्रींचे दर लाखांत गेल्याच्या बातम्या आल्या. लोक हसले, मीम झाले. पण तेच सूत्र छोट्या आकड्यांत दर शनिवारी चालू असतं, त्यावर कुणी हसत नाही.

इंग्रजांनी १८६७ मध्ये सराई कायदा केला. हेतू परोपकाराचा नव्हता, त्यांना प्रवाशांवर नजर ठेवायची होती. तरी त्या कायद्यात सराई चालवणाऱ्याच्या कर्तव्यांत साफसफाई आणि पहारेकरी यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट घातली होती : राहण्याच्या दरांची यादी, जिल्हा दंडाधिकारी सांगेल त्या भाषेत, लोकांना दिसेल अशी लावायची. घोड्यावरून येणाऱ्या वाटसरूला दारातच दर कळायचा. आज माझ्या फोनवर एक दर, माझ्या शेजाऱ्याच्या फोनवर दुसरा, काउंटरवर तिसरा. आपण पुढे आलो ते कोणत्या अर्थानं, हे मला सॉफ्टवेअरवाला म्हणून जरा समजून घ्यायचंय.

सरकारनंही हातभार लावलाच. रोजचं भाडं हजार रुपयांच्या आत असलेल्या खोल्यांना जीएसटी माफ होता. १८ जुलै २०२२ पासून ती माफी काढली आणि १२ टक्के लावले. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आला, त्याच्या जाहिराती झाल्या. पण आता साडेसात हजारांपर्यंतच्या सगळ्या खोल्यांना एकच दर आहे. आठशेच्या खोलीत राहणारा आणि सात हजारांच्या खोलीत राहणारा या कराच्या नजरेत एकाच पायरीवर उभे आहेत. छोटी लॉजं नोंदणीच्या मर्यादेखाली राहून सुटतात, पण ॲपवर जी दिसतात त्यांतून ग्राहक सुटत नाही.

एवढं करून पैसे जमवले तरी काउंटर ओलांडायचा असतो. मागच्या वर्षी माझी आत्येबहीण परीक्षेला पुण्यात आली. पेपर शनिवारी दुपारी संपला. तिला नाटक बघायचं होतं, पहिल्यांदाच. मी तेव्हा पीजीत राहत होतो, तिथं बाईमाणसाला जिन्याच्या पायरीपर्यंतच परवानगी. मध्यवस्तीतल्या एका लॉजवर दोघं गेलो. खोली तिच्यासाठी हवी होती, तिच्या एकटीसाठी.

"सिंगल लेडीज देत नाही आपण."

"का?"

"सेफ्टी आहे ना साहेब. तुम्ही पण थांबा मग."

"मी थांबतो. दोन खोल्या द्या."

"तुम्ही कोण यांचे?"

"मामेभाऊ."

"प्रूफ?"

आता आत्येबहिणीचं आडनाव मामेभावापेक्षा वेगळं असणारच, नाही तर ती आत्येबहीण कशी? आधार कार्डावर आजोबांचं नाव नसतं. माणसानं दोन्ही कार्डं शेजारी ठेवली, माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि माझं कार्ड बोटानं पुढे सरकवत म्हणाला, "आणि तुमचा तर पुण्याचाच पत्ता आहे. लोकल आयडी चालत नाही." नोकरीसाठी मी पत्ता बदलून घेतला होता. म्हणजे साखऱ्याच्या पत्त्याच्या मुलीला ती एकटी म्हणून खोली नाही, आणि पुण्याच्या पत्त्याच्या मुलाला तो पुण्याचा म्हणून नाही. ती म्हणाली, "दादा, राहू दे, मी ट्रॅव्हल्सनं जाते." गेली. नाटकाचं तिचं तिकीट माझ्या पाकिटात बरेच दिवस होतं.

त्या मॅनेजरचं नाव मला माहीत नाही आणि त्याच्यावर माझा रागही फार नाही. त्याला पगार किती असेल याचा अंदाज आहे. त्याच्या मागे मालक आहे, मालकाच्या मागे पोलीस ठाणं. ६ ऑगस्ट २०१५ ला मुंबईत मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर मालवणी पोलिसांनी छापा घातला आणि सुमारे चाळीस जोडप्यांना उचललं. सज्ञान माणसं, बंद खोल्यांत, ओळखपत्रं दिलेली. त्यांच्यावर लावलेलं कलम सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचं होतं! एवढं बघितल्यावर कोणता लॉजवाला आधी माणूस आणि मग कार्ड बघेल? डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोइमतूरच्या प्रकरणात सांगितलं की अविवाहित जोडप्याने हॉटेलात राहू नये असा कोणताही कायदा नाही. जानेवारी २०२५ मध्ये ओयोने मेरठपासून सुरुवात करून जोडप्यांकडे नात्याचा पुरावा मागण्याची मुभा हॉटेलांना दिली. कायदा एक सांगतो, काउंटर दुसरं, आणि चालतं काउंटरचंच. आपण मात्र या सगळ्याला 'संस्कृती' म्हणायचं.

आणखी एक गोष्ट काउंटरवर घडते. ती पाटीवर लिहिलेली नसते. फोनवर खोली रिकामी असते. कार्ड दाखवलं, आडनाव वाचलं, की लॉज फुल्ल होतं. माझ्या एका मुसलमान मित्राबरोबर हे माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि बौद्ध मित्रांनी मला ते सांगितलंय. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांची नावं घेऊन सांगितलंय की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्यावरून कुणाला आडवता येणार नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात सराई, धर्मशाळा, मुसाफिरखाना हे शब्दही आहेत. हे शब्द तिथं उगाच आलेले नाहीत. संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष परदेशातून शिकून वडोदऱ्याला नोकरीवर रुजू झाला तेव्हा त्याला शहरात एका रात्रीचाही आसरा मिळेना. पारशी असल्याचं भासवून तो पारशी धर्मशाळेत राहिला, आणि काही दिवसांतच हातात काठ्या घेतलेल्या लोकांनी त्याला तिथून बाहेर काढलं. रोजचे दीड रुपये तो देत होता. पैसे असणं आणि खोली मिळणं यांत किती अंतर असतं हे या देशात केव्हाच लिहून ठेवलं गेलंय. आजचा लॉजवाला काठी घेत नाही. तो 'सिस्टिममध्ये दिसत नाही सर' म्हणतो.

स्त्रियांचं तर वेगळंच. त्यांना खोली नाकारताना सुरक्षेचं कारण देतात. मग खोली न मिळालेली बाई रात्र कुठं काढणार? स्टँडवर. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या शिवशाहीत एका तरुणीवर बलात्कार झाला, हे सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. काउंटरवरच्या 'सेफ्टी'चा अर्थ एवढाच की जे व्हायचं ते आमच्या छताखाली नको.

यावर मला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, मित्राच्या रूमवर झोप ना. झोपतोच आम्ही. पुण्यातली सगळी बाहेरगावची तरुणाई या एका वाक्यावर उभी आहे : 'आज पडायला येऊ का?' पण त्या रूमवर चार कॉट असतात, मालकाने पाचव्या माणसाला मनाई केलेली असते, सकाळी पाण्याचा नंबर असतो, आणि वर्षातून तिसऱ्यांदा गेलं की मित्राच्या रूम पार्टनरचा चेहरा वाचता येतो. शिवाय हा मार्ग ज्याचा मित्र शहरात आहे त्याच्यासाठी, आणि मुलींसाठी जवळपास बंद. दुसरा सल्ला जरा खोचक असतो : गरज काय? रोगी माणसाला खाट मिळत नाही अशा राज्यात तुम्हाला नाइट-आउटसाठी खाट पाहिजे? याला मी नेहमी उलटं विचारतो की हा प्रश्न कोथरूडमधून शनिवारी रात्री बाहेर पडणाऱ्याला कधी विचारलाय का? त्यानं नाटक बघितलं की ती सांस्कृतिक भूक, आम्ही बघायला आलो की ती चैन. २७ जानेवारी २०२० पासून मुंबईत काही भागांतली दुकानं, मॉल, खाण्याची ठिकाणं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली, तेव्हा केवढी चर्चा झाली, बाजूनं आणि विरोधात. संस्कृती बुडणार की रोजगार वाढणार. कुणी विचारलं नाही की रात्रभर उघड्या असलेल्या त्या शहरात पहाटे तीनला बाहेरगावच्या माणसानं डोळा कुठं लावायचा. कारण ती रात्र ज्यांच्यासाठी उघडली त्यांची घरं तिथंच होती.

आणि हे जमत नाही असं नाही. मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागात गोव्याच्या लोकांची कुडं आहेत. एकेका गावाचं एकेक कूड, म्हणजे गावानं मिळून घेतलेली सामाईक जागा. बोटीवर लागण्याची वाट बघणारा खलाशी अगदी थोड्या पैशात तिथं राहायचा, आपली पेटी ठेवायचा, संध्याकाळी सगळ्यांबरोबर रोझरी म्हणायचा. मेट्रो सिनेमासमोरच्या जेर महालात अशी कुडं आहेत, म्हणजे दक्षिण मुंबईच्या ऐन मध्यात. गिरणगावच्या चाळींत कोकणातल्या गावांच्या गावकीच्या खोल्या होत्या. त्या जागा फक्त पुरुषांच्या होत्या, आपल्याच माणसांच्या होत्या, त्यांचं गोडवं गायचं कारण नाही. पण या लोकांना एक कळलं होतं : शहरात गावाची एक कॉट पाहिजे. मराठवाड्याला ही संधी मिळाली नाही. आमची माणसं उशिरा आली, विखुरलेली आली, वीटभट्टीवर, ऊसतोडीला, बांधकामावर आली, आणि शहराच्या मध्यभागी जागा घेण्याइतका पैसा आमच्या हाती आला तेव्हा तिथं काही उरलं नव्हतं.

जगात बघा. जर्मनीत रिखार्ड शिरमान नावाच्या एका शाळामास्तरानं १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पोरांसाठी पहिलं युवा वसतिगृह काढलं, कारण खाणी-कारखान्यांच्या गावातल्या पोरांना पायी फिरायला न्यायचं तर रात्री ठेवायचं कुठं हा त्याचा प्रश्न होता. जपानमध्ये ओसाकाला १९७९ मध्ये कॅप्सूल हॉटेल निघालं, शेवटची लोकल चुकलेल्या कारकुनासाठी. आपल्याकडे त्याची नक्कल नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रलला आली, ४८ कप्पे, बारा तासांना ९९९ रुपये. चांगलं आहे, एसी आहे, वायफाय आहे. पण ज्याचं नाटकाचं तिकीट चारशेचं आहे त्याला हजाराचा कप्पा कशाला? रेल्वेची डॉर्मिटरी त्याहून स्वस्त आणि जुनी. मात्र तिथं रेल्वेचं पक्कं तिकीट लागतं. एसटीनं आलेला माणूस रेल्वेच्या लेखी प्रवासीच नाही. साहित्य संमेलन मात्र हे काम वर्षानुवर्षं करतंय. प्रतिनिधी शुल्क भरा, राहण्याची सोय होते. कुठं शाळेत, कुठं वसतिगृहात, कुठं मंगल कार्यालयात. २०२२ मध्ये उदगीरसारख्या गावानं ९५ वं संमेलन पेललं. तीन दिवसांसाठी उदगीरला जे जमतं ते पुण्याला शनिवारच्या एका रात्रीसाठी जमत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

म्हणून मागणी नेमकी करतो. शिवाजीनगरचं एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हलवलं. मूळ जागेवर पुन्हा स्थानक आणि त्याच्या डोक्यावर व्यापारी संकुल उभं राहायचंय. जमीन एसटीची, म्हणजे खेड्यातल्या माणसाच्या तिकिटावर चालणाऱ्या महामंडळाची. तिथून बालगंधर्व पायी जाता येतं, फर्ग्युसन रस्ता पायी, मेट्रो पायाशी. त्या संकुलात दोन मजले झोपायला द्या, एक बायकांचा, एक पुरुषांचा. खोल्या नकोत. लोखंडी कॉट, स्वच्छ चादर, कुलपाचं कपाट, गरम पाणी, चार्जिंगचा पॉइंट. दर पाटीवर रंगवलेला, शनिवारी तोच आणि मंगळवारीही तोच. एसटीचं तिकीट दाखवलं तर ठीक, नाटकाचं, गाण्याचं, पिक्चरचं दाखवलं तरी ठीक. ओळखपत्र एकदा तपासा आणि परत द्या, झेरॉक्सची चळत काउंटरखाली साठवू नका. ती कुठं जाते हे तुम्हाला माहीत नाही आणि मला माहीत आहे. आडनाव मोठ्यानं वाचू नका. बाई एकटी आली तर तिला खालच्या कॉट आधी द्या. रजिस्टर ठेवा, पोलिसांना लागतं, पण त्यातला तो एक रकाना छापू नका.

तोटा होईल म्हणणाऱ्यांनी हिशोब मांडून दाखवावा. मी एक शनिवार घालून मांडून पाहिलाय. दोन मजल्यांवर मिळून दोनशे कॉट, माणशी तीनशे रुपये, म्हणजे एका रात्रीचे साठ हजार. चादरी धुणं, पाणी, वीज, दोन पाळ्यांचे पहारेकरी धरूनही त्यातून शिल्लक राहते, आणि खालच्या स्टँडवरचा चहावाला, पोहेवाला सकाळी सहापासून गिऱ्हाइकात असतो. आठवड्याच्या इतर दिवशी परीक्षेची पोरं, कोर्टाची माणसं, दवाखान्याचे नातेवाईक आहेतच.

तीनशे घ्या, आगाऊ घ्या, सकाळी आठला उठवून बाहेर काढा, आमची हरकत नाही. प्रयोग तेवढा साडेनऊचा बघू द्या.